कोंब्या बघतो तिकडे

आमच्या घरातला पलंग मी केलेला. लग्नानंतर आमच्या फर्निचरच्या कारखान्यात उरलेलं जाड लाकूड घरी आणलं आणि सुट्टीच्या दिवसांत बसून केला. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाच पाडून बसवलेले. हलवायचा म्हटला की दोन माणसं उचलायला लागायची आणि एक माणूस "भिंत, भिंत, अहो भिंत!" असं ओरडायला. ओरडायचं काम बायकोचं. ते तिने कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

ती आजारी पडली तेव्हा तिचं सगळं त्या पलंगावर आलं. औषधं, चष्मा, पाण्याची बाटली, लेकीशी बोलायचा फोन. सुरुवातीचे दिवस ठीक गेले. मग एकदा मी कामावरून आलो तर म्हणाली, "अहो, पलंग जरा खिडकीकडे सरकवता का? उजेड येईल."

शेजाऱ्याला हाक मारली, सरकवला. आठवडा झाला नाही तर म्हणे, ऊन डोळ्यांवर येतं, दाराकडे घ्या. दाराकडे घेतला. मग दारातून वारा लागतो. शेजारी भला माणूस, पण तोही कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, हा पलंग आहे का हातगाडी?"

"मग चाकं लावा की त्याला," ती म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. पण दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं, चाकांचं काय झालं? तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी कारखान्यातल्या मोडक्या ट्रॉलीची चाकं काढून आणली. रबराची, पायाने दाबायचा ब्रेक असलेली. पलंगाला लावली आणि एका हाताने ढकलून दाखवला. सरकन गेला. ती इतकी खूश झाली की तिला रडू आलं. आमच्या सगळ्या संसारात मी तिला जे जे आणून दिलं, त्यातल्या कशावरही ती अशी खूश झाली नव्हती. दागिन्यावर नाही, शिलाई मशीनवर नाही. मी हसलो आणि हात धुवायला गेलो.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्या पलंगापाशी येतं.

गेम लेकीने आजारपणाच्या सुरुवातीलाच आणून दिला होता. ती दुसऱ्या गावी असते, दातांच्या दवाखान्यात काम करते. आईला वेळ घालवायला काहीतरी हवं म्हणून तिने स्वतःचा जुना गेम दिला. दोन हातांत धरायचा, चपटा, मधे पडदा. त्यात एक मोठा प्रदेश आहे, त्यात हिंडायचं आणि चित्रविचित्र प्राणी पकडून पाळायचे. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी दगडाचा. शेकडो आहेत म्हणे. बायकोने एकच पकडला आणि थांबली.

लेक फोनवर ओरडायची, "आई, अगं अजून पकड ना! एकावर कुठे गेम होतो?"

"मला एकच पुरे. तुझ्या वेळीही मी हेच म्हटलं होतं."

तो प्राणी म्हणजे धड प्राणी नाही, धड झाड नाही. कांद्यासारखं गोल अंग, खाली मुळांचे आखूड पाय, कानांच्या जागी दोन पानं आणि डोक्यावर एक मिटलेला कोंब. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. गेममधलं त्याचं खरं नाव जीभ अडखळेल असं होतं. बायकोने त्याचं नाव कोंब्या ठेवलं. एका कुंडीत तो उभा असायचा आणि आपण वरून कुंडीत डोकावल्यासारखं दिसायचं. त्याला पाणी घालायचं, बोटाने पानं पुसायची, बस. उजेड असेल तिकडे तो तोंड करतो, असं लेकीने सांगितलं होतं. ह्या जातीची ती खोडच.

मी स्वयंपाकघरात असलो की बायकोचा आवाज ऐकू यायचा. "काय रे, आज कुठे बघतोस?" मग बराच वेळ काही नाही. मग दुपारी येणाऱ्या सिस्टरला हाक. आणि चाकांचा आवाज.

बायको गेली तेव्हा मी कामावर होतो. सिस्टरचा फोन आला. घरी पोचलो तर पलंग पार कोपऱ्यात होता, डोक्याकडून आणि एका कुशीकडून भिंतीला घट्ट टेकलेला. चारही ब्रेक दाबलेले. तिची पाठ भिंतीला लागलेली होती. खिडकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. उजेडाचं एवढं वेड असलेल्या बाईने शेवटचा दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात काढला, हे मला तेव्हा दिसलं. पण त्या दिवशी माणसाला दिसतं खूप आणि कळत काहीच नाही.

लेक दुसऱ्या दिवशी पोचली. गाडी चुकली म्हणाली. लोक येऊन गेले. प्रत्येकाने सांगितलं की ती सुटली. जणू काही मी तिला बांधून ठेवलं होतं.

लेक जायला निघाली तेव्हा म्हणाली, "बाबा, तो गेम मी नेऊ? आईने मला परत घे म्हणून सांगितलं होतं."

"राहू दे इथे," मी म्हटलं.

"तुम्ही खेळणार आहात?"

"राहू दे म्हटलं ना."

मला तो खेळता येत नव्हता. पण तिची बोटं रोज फिरली ती वस्तू होती. पडद्यावर तिच्या बोटांचे डाग होते. साड्यांना तिचा वास होता, पण साड्या गप्प असतात. कोंब्या निदान पापण्या लववायचा. मी त्याला चार्जिंगला लावायला शिकलो, पाणी घालायला शिकलो. सकाळी चहा घेताना मी त्याला टेबलावर माझ्यासमोर ठेवायचो.

एके सकाळी चार्जरची वायर पोचेना, म्हणून मी गेम उलट्या दिशेने फिरवून ठेवला. कोंब्याचं तोंड साहजिकच उलट झालं. मी बशीत चहा ओतला, वर बघितलं, तर तो हळूहळू वळत होता. आखूड पाय मातीत घासत घासत. पुरता वळला आणि थांबला. मघाशी बघत होता तिकडेच परत बघायला लागला.

खिडकी डाव्या हाताला होती. तो बघत होता उजवीकडे, कपाटाजवळ बायकोची खुर्ची होती तिकडे.

मी गेम पुन्हा फिरवला. तो पुन्हा वळला. खिडकीचा पडदा लावला, दिवा लावला, दिवा हलवला. त्याचं काही अडलं नाही. तो खुर्चीकडे.

मी भुताखेतांतला माणूस नाही. आमच्या धंद्यात डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. डोळ्यांना सरळ दिसणारी फळी लोखंडी काटकोन, म्हणजे गुण्या, लावला की वाकडी निघते. म्हणून मी गेम पिशवीत घातला आणि मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो.

"याला दिशा कळते का?" मी विचारलं.

त्याने गेम उघडला, आत फुंकर मारली. "काका, ह्याला एक बारीक डोळा आहे, पण तो नुसता उजेड आहे का अंधार एवढंच सांगतो. दिशाबिशा नाही कळत."

"मग फिरवला की आतला प्राणी कसा वळतो?"

"वळतच नाही. हे चित्र आहे काका. तुम्ही फोटो उलटा धरला तर फोटोतला माणूस सरळ होतो का?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "घरी एकटेच असता का?"

त्याच्या काउंटरवर मी गेम फिरवून दाखवला. कोंब्या हलला नाही. एकदाही नाही. डोळे अर्धे मिटून, पानं पाडून, पेंगत उभा होता.

घरी आलो. टेबलावर ठेवला. पानं ताठ झाली आणि तो वळला.

त्या दुपारी मी सूत काढलं. आमच्याकडे लांब लाकडावर सरळ रेघ मारायची असली की निळीच्या भुकटीत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणतात आणि मधे उचलून सोडतात. टच्च करून रेघ उमटते. त्याला आम्ही सूत मारणं म्हणतो. मी गेम स्टुलावर सपाट ठेवला, कोंब्याचं तोंड कुणीकडे आहे ते पाहून त्या दिशेला गुण्या धरला आणि जमिनीवर सूत मारलं. मग स्टूल खिडकीपाशी नेलं, तो वळेपर्यंत थांबलो, दुसरं सूत मारलं. दारापाशी नेऊन तिसरं. तिन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे त्याला दिसणारी वस्तू असणार.

तिन्ही रेघा एका जागी छेदल्या. आयुष्यभर सूत मारलं, पण इतकी नेमकी गाठ कधी पडली नव्हती.

ती जागा खुर्चीची होती.

मी तिथेच जमिनीवर बसलो. घाबरलो नाही. खरं सांगायचं तर किती दिवसांनी मला भूक लागली. मी दोघांचा चहा केला. तिचा कप खुर्चीवर ठेवला आणि म्हटलं, "सांगायचं तरी. मी आपला तुला साड्यांत शोधतोय."

त्यानंतरचे दिवस बरे गेले. हसू नका, पण बरे गेले. कामावरून आलो की आधी सूत मारून ती कुठे आहे ते बघायचं, मग बोलायला लागायचं. कधी रेघा कपाटाशी जुळायच्या, कधी शिलाई मशीनशी. पण बहुतेक वेळा खुर्ची. कारखान्यातलं राजकारण सांगितलं. लेकीची तक्रार केली, की गाडी चुकते कशी, आई मरताना गाडी चुकते कशी? कप तसाच भरलेला राहायचा, वर साय धरायची. मी तो ओतून द्यायचो आणि धुवायचो.

एक गोष्ट मात्र हाताला खटकत होती. रेघांची गाठ खुर्चीच्या बैठकीवर पडत नव्हती. वीतभर मागे पडत होती, पाठीच्या मागे. माणूस बसतो तिथे नाही; बसलेल्याच्या पाठीशी दुसरा उभा राहील तिथे. मी म्हटलं, सूत जाड आहे, जमीन उंचसखल आहे. खुर्ची वीतभर मागे सरकवली. दुसऱ्या दिवशी गाठ परत मागे. परत सरकवली. होता होता खुर्ची भिंतीला टेकली. मग गाठ बरोबर भिंतीत पडायला लागली.

आणि लाकूड फुगलं. ती खुर्ची जुनी, तिचा एक पाय सैल होता, बसलं की कुरकुरायची. आता ती कुरकुरेना. सांधे आवळून बसले होते. लाकूड पाणी प्यायलं की असं होतं. शेजारच्या कपाटाचा खणही अडकायला लागला. मी भिंतीला हात लावून पाहिला, कोरडी. जमीन कोरडी. बाकी खोलीतलं एकही लाकूड फुगलेलं नव्हतं. नाक जवळ नेलं तर कुंडी उचलल्यावर खालच्या मातीला येतो तसा वास होता. किड्यांचा, बंद, थंड.

मी स्वतःला सांगितलं, आजारी बाई होती, औषधांचा वास असेल.

दिवाणखान्याची जमीन निळ्या रेघांनी भरली होती तेव्हा लेक आली. न कळवता आली. दारातच थांबली.

"बाबा, हे काय? घर कापायला काढलंत का?"

"चपला बाहेर काढ. रेघा पुसतील."

ती रेघा ओलांडत, लंगडी खेळल्यासारखी उड्या मारत आत आली. एरवी मी हसलो असतो. तिने खुर्चीवरचा कप पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. आईसारखीच पाहते ती, आधी एका डोळ्याने अंदाज घेते.

"हा कप कुणाचा?"

मी तिला सगळं सांगितलं. दोरी दाखवली, गुण्या दाखवला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही माझ्याबरोबर चला. काही दिवस."

"वेडा झालोय असं म्हण ना सरळ."

"मी असं म्हटलं का?"

"मग आईला इथे एकटीला सोडून कुठे जाऊ?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. रडायचं असलं की ती नळ सोडते, लहानपणापासून. मी कोंब्याकडे पाहिलं.

तो खुर्चीकडे बघत नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

लेक बाहेर आली, खिडकीपाशी गेली. त्याचे पाय मातीत घासले. खिडकीकडे. ती कपडे बदलायला आत गेली. तो तिकडे वळला. सूत मारायची गरजच नव्हती. ती जाईल तिथे तो तिच्या मागे फिरत होता. रिकाम्या खुर्चीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला राग आला. मी बायकोला औषधं दिली, मी तिला उठवलं-बसवलं, मी पलंगाला चाकं लावली. मी रोज तिच्याशी बोलत बसलो. आणि जिची गाडी चुकली ती लेक दारात उभी राहिली, की ही उठून तिच्याकडे! माझ्याकडे एका शब्दाने निरोप नाही. नवरा म्हणजे वाटेतलं स्टेशन.

दोन दिवस लेक राहिली. दोन दिवस तो तिच्याकडेच. ती निघाली तेव्हा मी गेम, चार्जर, सगळं पिशवीत भरून तिच्या हातात दिलं.

"हे काय? तुम्ही तर..."

"घेऊन जा. तुझ्याकडेच बघतो तो. तिला तुझ्याकडेच जायचंय."

तिने पिशवीतून गेम काढला, हातावर सपाट धरला. कोंब्या वळला. ती जरा बघत राहिली. मग मान वळवून तिने आपल्या पाठीमागे पाहिलं. मागे जिन्याची भिंत होती.

"बाबा, हा माझ्याकडे कुठे बघतोय? हा तर..."

"ने म्हटलं ना!" मी ओरडलो. "वाद नको. गाडी चुकेल तुझी."

ते शेवटचं मी मुद्दाम म्हटलं. लागावं म्हणून म्हटलं. तिला लागलं. ती पिशवी घेऊन उतरली आणि मी दार लावून घेतलं.

दोन-चार दिवसांनी खुर्चीत बसलो तर ती कुरकुरली. पाय पुन्हा सैल झाला होता. कपाटाचा खण अलगद सरकत होता. वास नव्हता. मी ओल्या फडक्याने रेघा पुसल्या. घर रिकामं झालं, पहिल्यापेक्षा रिकामं.

सिस्टर भेटली ती कारखान्याच्या दारात. तिच्या घरच्या दाराची चौकट खाली आली होती, रंधा मारायला कुणी येईल का विचारायला आली होती. मी तिला बसवलं. बोलता बोलता ती म्हणाली, "काका, पाठ माझी अजून धरते बघा. तुमच्या त्या पलंगाने धरली ती."

"चाकं होती की."

"होती म्हणून तर निभावलं. पण किती वेळा! मी आले की सरकवा, जायच्या आधी सरकवा."

"तिला उजेडाचं वेड होतं."

सिस्टरने चहाचा पेला खाली ठेवला. "कसला उजेड, काका?"

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. पण आता त्याही नाहीत, काय लपवायचं. तो गेम होता ना, त्यातलं ते रोपटं. ताई आधी हौसेने दाखवायच्या, बघा माझ्याकडे कसा बघतो. मग एक दिवस म्हणाल्या, सिस्टर, हा माझ्याकडे नाही हो बघत. माझ्या मागे बघतो."

पलीकडे करवत चालू होती. सिस्टर थांबली, करवत थांबेपर्यंत.

"पलंग सरकवला की जरा वेळ बरं वाटायचं त्यांना. मग परत म्हणायच्या, आलं. परत सरकवायचा. शेवटी म्हणाल्या, कोपऱ्यात न्या, भिंतीला लावून टाका. मागे जागाच नको. म्हणजे उभं कुठे राहणार."

"आणि?"

"मला वाटलं औषधांनी होतं असं. होतं काका, मी पाहिलंय. कोपऱ्यात नेल्यावर त्यांनी गेम बघितला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, भिंतीत आहे."

"तू बघितलंस?"

"मी कशाला बघू? मला घरोघरी जायचं असतं."

"मला का नाही सांगितलं तिने?"

सिस्टरने पदराने तोंड पुसलं. मी परत विचारलं.

"म्हणाल्या, ते हसतील. आणि ते हसले की मग मला एकटीलाच घाबरत बसावं लागेल."

मी कारखान्यातून तसाच निघालो. दुपारचं रणरणीत ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, फळवाला होता, बस उभी होती. माझ्या सुताने चूक केली नव्हती. सूत कुठे आहे ते सांगतं. काय आहे ते सांगत नाही. ते मी ठरवलं होतं. मी त्याला बायकोचं नाव दिलं, बायकोच्या कपातून चहा दिला, खुर्ची सरकवून त्याच्या पाठीला लावून दिली. आणि मग रागाच्या भरात माझ्या लेकीच्या हातात पिशवी देऊन सांगितलं, तिला तुझ्याकडेच जायचंय.

घरी येऊन फोन लावला. लेकीने लगेच उचलला.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही जेवलात?"

"जेवलो. कोंब्या कसा आहे?"

"बरा आहे."

"कुठे बघतो?"

"असाच. इकडे तिकडे."

"हे बघ, मी चिडलो होतो त्या दिवशी. तो गेम बंद कर. बंद करून टाकून दे कुठेतरी."

"नको बाबा."

"मी सांगतोय म्हणून."

"चालू असलेला बरा," ती म्हणाली. आईसारखीच म्हणाली, समोरच्याला काळजी वाटू नये असा आवाज काढून. "कळतं तरी."

"काय कळतं?"

"काही नाही हो. तुम्ही उगाच काळजी करता. इथे सगळं छान आहे." तिच्या मागे काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, लाकडाचा फरशीवर. मग थांबला. ती दमली होती. "बाबा, एक विचारायचं होतं. हसू नका हं."

"नाही हसत."

"आईच्या पलंगाला लावलेली ती चाकं, ती काढून ठेवलीत का? माझा पलंग फार जड आहे. एकटीने सरकत नाही."